डाव्या डोळ्याचा अभ्यास

आत्याला पू, चिपडं, सुजलेल्या पापण्या, गळणारे डोळे यांतल्या कशाचीच किळस येत नसे. पोरांच्या पापण्या उलटून बघायच्या, पापणीच्या केसांच्या मुळाशी चिकटलेला कोंडा ओल्या कापसानं पुसून काढायचा आणि हात धुऊन लगेच जेवायला बसायचं, यात तिला काही विशेष वाटायचं नाही. तिला किळस यायची ती माणसांची. त्यातही घाणेरड्या माणसांची नाही. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, गोड बोलणाऱ्या माणसांची. असं कुणी जवळ आलं की तिच्या नाकपुड्या आक्रसायच्या, आणि हे घरात घडलं तर वहिनी म्हणायची, "झालं! आला हिला वास."

वहिनीची मुलगी तिला आत्या म्हणायची, म्हणून मग गल्लीतले सगळेच आत्या म्हणायला लागले. तिच्याहून वयानं मोठा असलेला इस्त्रीवालासुद्धा म्हणायचा. ती डोळ्यांच्या दवाखान्यात तपासनीस होती. म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टरांच्या आधी जी बाई खुर्चीत बसवते, एक डोळा झाकायला लावते आणि "वाचा" म्हणते, ती. दवाखान्याची एक खिळखिळी व्हॅन होती. त्या व्हॅनमधून शाळाशाळांत जायचं आणि पोरांचे डोळे तपासायचे, हे तिचं काम. ज्यांचे डोळे बरोबर नाहीत ती पोरं वेचून दवाखान्यात पाठवायची.

तिला स्वतःला लहानपणी चष्मा लागला होता. चष्मा लागलेली सगळी माणसं एकच गोष्ट सांगतात, की पहिल्यांदा चष्मा घातला आणि झाडाला सुटी सुटी पानं दिसली. आत्याला पानंबिनं काही दिसली नाहीत. तिला छताची कोळिष्टकं दिसली. कपबशीच्या कानाखाली साचलेला काळा थर दिसला. पाहुणे आले की आईच्या तोंडावर येणारं हसू दिसलं, आणि पाहुण्यांची पाठ फिरली की ते कसं पुसलं जातं तेही दिसलं. तेव्हापासून तिचं जगाशी फाटलं ते फाटलंच. एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलगा चांगला होता, नोकरी चांगली होती. पण हॉटेलात त्यानं वेटरला चार शिव्या हासडल्या आणि लगेच हिच्याकडे वळून मधात बोट बुडवल्यासारखं हसला. तिथंच तिचं मन उठलं. नंतर कुणी विषय काढला की ती म्हणायची, "मला कुणाबरोबर राहायचंय हे मला माहीत नाही, पण कुणाबरोबर नाही राहायचं ते लगेच कळतं."

राहायची ती दादाकडे, माडीवरच्या खोलीत. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, गरीब गाय. घरात भांडण सुरू झालं की तो वर्तमानपत्र उघडायचा, आणि भांडण मोठं असलं तर छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून काढायचा. घर चालायचं ते वहिनीच्या जिवावर.

वहिनी कोपऱ्यावरच्या शाळेत शिक्षिका होती. ती वाईट नव्हती, आणि हेच आत्याचं दुखणं होतं. वाईट माणसाचा राग करून मोकळं होता येतं. वहिनी पहाटे उठायची, सगळ्यांचे डबे भरायची, वर्गातल्या एकाही पोराला मागं राहू द्यायची नाही. फक्त तिचा एका गोष्टीवर फार विश्वास होता: जगातली कुठलीही गोष्ट पाठ करता येते. पाढे, नद्या, सुविचार, मोठ्यांशी बोलायची रीत, पाहुण्यांनी 'कसं काय' विचारल्यावर द्यायचं उत्तर, सगळं. तिच्या वर्गाचा निकाल कायम पहिला. इतर वर्गांतून गोंगाट ऐकू यायचा. वहिनीच्या वर्गातून एका सुरातलं पाठांतर.

त्याच वर्गात तिची स्वतःची मुलगीही होती. अंगानं सुतळीसारखी, म्हणून नाव पडलं सुतळी. आठवं सरून नववं लागलेलं. बोलकी, गोड आणि वेंधळी. पाणी ओतायला गेली की निम्मं पेल्याबाहेर. जिन्याच्या शेवटच्या पायरीला हमखास ठेच. चेंडू टाकला की हात बंद व्हायचे आणि चेंडू नाकावर आदळायचा. "बापावर गेलीय," वहिनी म्हणायची. दादा पान उलटायचा. आत्याही हसायची. दिवसभर परक्यांच्या पोरांचे डोळे बघून घरी आलेल्या बाईला आपल्या घरातल्या पोरीकडे फक्त प्रेमानं बघायचं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच पडत असावा.

त्या वर्षी शहराच्या शिक्षण कार्यालयाला एक अक्कल सुचली. ज्या शाळेत डोळ्यांचे दोष सगळ्यात कमी निघतील, त्या शाळेच्या फाटकावर 'निर्दोष दृष्टी शाळा' अशी पितळी पाटी लावायची. मोठा कार्यक्रम करायचा, पाहुणे बोलवायचे.

आत्यानं हे ऐकलं तेव्हा ती जेवत होती. तिनं घास खाली ठेवला.

"म्हणजे ज्यांनी आजार शोधून काढला ते नालायक, आणि ज्यांनी झाकून ठेवला त्यांना पाटी?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," वहिनी म्हणाली. "बक्षीस ठेवलं की शाळा लक्ष देतात."

"कशाकडे लक्ष देतात ते बघायचं."

"जेव आधी."

पुढच्या आठवड्यात वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाली, "अगं, तुझा तो जुना तक्ता कपाटावर पडलाय ना, अक्षरांचा? दे की मला. वर्गात लावते. पोरांना डोळ्यांचं महत्त्व कळू दे जरा."

आत्या चक्क विरघळली. इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल त्या घरात एकच प्रश्न विचारला गेला होता, तो म्हणजे "हात धुतलेस ना?" तिनं स्टुलावर चढून तक्ता काढला, धूळ झटकली, फाटलेले कोपरे चिकटपट्टीनं जोडले. वर एक मोठं अक्षर, खाली दोन, त्याखाली तीन, आणि अशी लहान होत होत तळाला मुंगीएवढी अक्षरं. वहिनीच्या हातात देताना ती म्हणाली, "उजेडात लाव हं. चकाकी पडायला नको." त्या रात्री तिला छान झोप लागली.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात यायला हवी होती. दवाखान्यातले सगळे तक्ते एकाच छापाचे होते. दोन-तीन निरनिराळे घ्या म्हणून तिनं मागे सांगून बघितलं होतं. "अक्षरं ती अक्षरं," असं उत्तर मिळालं होतं.

तपासणीच्या दिवशी शाळेचं फाटक धुतलेलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फुलं घेऊन दारात उभ्या होत्या आणि शेजारी फोटोवाला. आत्याला फुलं दिली, फोटो झाला, फोटोवाल्याचं समाधान होईना म्हणून फुलं परत घेतली आणि पुन्हा दिली. तिच्या नाकपुड्या हलल्या. पाठीमागून व्हॅनचे ड्रायव्हरकाका पुटपुटले, "सुरुवात तर झकास आहे."

हॉलमध्ये पोरं रांगेत उभी होती. भांग पाडलेले, नखं कापलेली, तोंडं अशी घासलेली की गाल लाल झालेले. रांगेच्या तोंडाशी वहिनी, ओठांवर बोट ठेवून. आत्यानं खिडकीची चकाकी टाळून भिंतीला तक्ता टांगला, टेप टाकून अंतर मोजलं, जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि पहिल्या पोराच्या उजव्या डोळ्यावर काळी झाकणी धरली. झाकणी म्हणजे लांब दांड्याची चकती. पोरांना डोळ्यावर स्वतःचा हात धरायला सांगितलं की ती बोटांच्या फटीतून बघतात.

"वाच."

"रऽ, ग नऽ, ट व मऽ..." पोरगं थेट तळापर्यंत धावलं.

दुसरा डोळा. तेही तळापर्यंत. शाबास. दुसरी मुलगी आली, तिनंही तळ गाठला. तिसरा, चौथी. आत्याला आधी बरंच वाटलं. मग तिच्या कानाला काहीतरी खटकायला लागलं. प्रत्येक ओळीच्या शेवटचं अक्षर सगळी पोरं लांबवत होती, आणि ते सगळ्यांचं एकाच सुरात लांबत होतं.

मग एक पोरगा आला. डोळे इतके बारीक करून चालत होता की खडूची रेघ त्याला पायानं शोधावी लागली. त्यानंही सगळं घडाघडा म्हटलं. आत्यानं काठीनं मधलंच एक अक्षर दाखवलं.

"हे कुठलं?"

पोराचे ओठ हलले. "र... ग न... ट व..."

"पहिल्यापासून नको. हे, एवढंच सांग."

"मधूनच नाही येत," पोरगा काकुळतीला येऊन म्हणाला. "पहिल्यापासून म्हणावं लागतं."

आत्या तक्त्यापाशी गेली. तिनं तो खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि पुन्हा टांगला. आता समोर नुसता पांढरा कागद होता.

"आता वाच."

पोरानं छाती पुढे काढली. "रऽ, ग नऽ, ट व मऽ..." आणि कोऱ्या कागदावरून तळाची ओळसुद्धा एका दमात वाचून दाखवली. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीच्या चेहऱ्यावर, पाठांतर न चुकता पार पडल्यावर येतं तसं हसू आलं, सवयीनं. मग तिला काय झालंय ते कळलं आणि ते मावळलं.

आत्यानं तक्ता खिळ्यावरून उतरवला. आयुष्यात तिनं किती डोळे हाताळले असतील, पण अशी किळस तिला कधी आली नव्हती. पोरांनी पाठ केला तो तिचाच तक्ता होता. तिनंच कोपरे जोडून दिला होता.

"हुशार आहेत हो आमची मुलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"पाठ केलंय त्यांनी."

"तयारी करून घेतलीय. परीक्षेला तयारी करून घेत नाहीत का?"

"ही परीक्षा नाहीये."

"मग निकाल कशाचा लागतो?" मोठ्या बाईंनी विचारलं, आणि चीड आणणारी गोष्ट अशी, की त्या अगदी मनापासून विचारत होत्या.

या प्रश्नाला उत्तर देण्यात अर्थ नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी. आत्यानं ड्रायव्हरकाकांना सांगितलं, पोरांना अंगणात न्या, काहीतरी खेळवा, एकेकाला आत सोडा. मग पिशवीतून तिनं हातात धरायची पत्र्याची पाटी काढली. तिच्यावर तीन दातांच्या कंगव्यासारखी एकच खूण असते, एका अंगाला मोठी, दुसऱ्या अंगाला बारीक. पाटी हातात फिरवायची आणि पोरानं आपल्या हातानं दाखवायचं, दात वर आहेत, खाली आहेत, का बाजूला. अगदी न शिकलेल्या माणसासाठी असते ती. तिचं पाठांतर होत नाही.

आणि मग एकामागून एक पोरं गळायला लागली. तो डोळे बारीक करणारा तर मोठ्यातली मोठी खूणसुद्धा ओळखू शकेना. बिचारा अंदाजानं हात हलवत राहिला. एका मुलीला डोकं वाकडं केल्याशिवाय दिसत नव्हतं. एक जण म्हणाला, "फळ्यावरचं मी शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितो, सोपं पडतं." इतकी वर्षं या वर्गाचा निकाल पहिला येत होता. आत्या नावापुढे खुणा करत गेली, आणि प्रत्येक खुणेगणिक मोठ्या बाईंच्या तोंडावरची चमक एक एक दिवा विझावा तशी जात राहिली.

मग सुतळी आत आली, आणि आत्याला बघून उड्या मारायला लागली.

"आत्या, मला सगळ्यात छान येतं! म्हणू?"

"म्हणायचं नाही. दात कुठे आहेत ते दाखवायचं."

डावा डोळा झाकला. सुतळीनं उजव्या डोळ्यानं सगळं अचूक दाखवलं, अगदी बारीक खूणसुद्धा. आत्याच्या जिवात जीव आला. आपल्याच घरातलं लेकरू, शेवटी तिलाही काळजी होती. तिनं झाकणी उजव्या डोळ्यावर धरली.

सुतळी वाट बघत उभी राहिली.

"दाखव ना."

"काय?"

आत्यानं मोठी खूण समोर केली. एक पाऊल पुढे आली. आणखी एक. रेघेपासून हातभर अंतरावर येऊन थांबली.

"आता?"

सुतळी खुदकन हसली. "आत्या, तू चुकीचा डोळा उघडा ठेवलाय. हा बघायचा नाहीये. हा नुसता असतो."

"नुसता असतो म्हणजे?"

"म्हणजे एक बघायचा असतो आणि एक नुसता असतो," सुतळीनं समजावून सांगितलं. आत्याला एवढंही माहीत नाही याचं तिला नवल वाटत होतं. "सगळ्यांचं तसंच असतं ना?"

आत्याच्या हातातली झाकणी खाली आली. पेल्याबाहेरचं पाणी, शेवटची पायरी, नाकावर आदळणारा चेंडू. दोन डोळे मिळून अंतर सांगतात. एकाच डोळ्यावर चालणाऱ्या पोरीला ते कळणार कसं? हे ती दवाखान्यात कामाला लागणाऱ्या नव्या मुलींना शिकवायची. पहिल्याच तासाला शिकवायची. आणि घरी बसून पोरीच्या वेंधळेपणाला हसायची. त्या हॉलमध्ये उभी असताना तिला मोठ्या बाईंची, पितळी पाटीची, फोटोवाल्याची जितकी किळस आली, तितकीच स्वतःची आली.

"चेष्टा करतेय ती," मागून वहिनीचा आवाज आला. आवाज चढलेला होता. "सुतळे, नीट बघ!"

सुतळीनं पटकन दोन्ही हात पाठीमागे नेले.

निघताना मोठ्या बाईंनी आत्याला बाजूला घेतलं. पहिल्या तक्त्याचंच धरा, असं त्यांनी फार गोड शब्दांत सुचवलं. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या बाकीच्या वर्गांसाठी येते. हाच पत्रा घेऊन." बाहेर व्हॅनमध्ये बसल्यावर तिनं खिडकी पूर्ण उघडली. ड्रायव्हरकाकांनी पाण्याची बाटली पुढे केली.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. वहिनीनं निळा एप्रन घातला होता, घरी आली की ती तो आधी चढवायची. दादा टेबलापाशी बसून वर्तमानपत्रात तोंड घालून होता. सुतळी स्टुलावर पाय हलवत काहीतरी चघळत होती.

"सगळ्या शाळेसमोर माझ्याच मुलीला नापास केलंस," वहिनी वळून न बघता म्हणाली.

"वहिनी, ही नापास-पासची गोष्ट नाही. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."

"दिसतं. धडाधडा वाचते, अक्षर सुंदर आहे, वर्गात पहिली येते."

"उजव्यानं. डाव्या डोळ्याचा नंबर फार वेगळा असणार. डोळा लहानपणी बघायला शिकतो. एका डोळ्यानं नीट दिसतंय म्हटल्यावर मेंदू दुसऱ्याला विचारायचंच सोडून देतो. मग तो आळशी होऊन बसतो. आता चष्मा लावून आणि चांगला डोळा झाकून त्याच्याकडून काम करून घेतलं तर थोडीफार आशा आहे. सुतळीचं वय आधीच काठावर आलंय. उद्याच दवाखान्यात आणायला हवी."

"डोळा झाकून? म्हणजे पट्टी लावून शाळेत बसवू तिला? माझ्याच वर्गात?" वहिनी आता वळली. "सुट्टी लागली की बघू. आत्ता नाही."

"सुट्टीला किती महिने आहेत!"

"एवढी वर्षं काही झालं नाही, आणखी काही महिन्यांनी काय आभाळ कोसळतंय? आणि दिसत नाही हे मला नाही पटत. लक्ष देत नाही ती. मला माहितीय." वहिनीनं एप्रनला हात पुसले. "सराव घेत होते ना मी घरी. उजव्या डोळ्याचा तक्ता पहिल्याच दिवशी यायला लागला तिला. डाव्याचाच कच्चा होता. डावा डोळा आला की अडखळायची, काहीबाही सांगायची. मग मी रोज संध्याकाळी बसवून डाव्या डोळ्याचा वेगळा अभ्यास घेतला. थोडी पट्टी दाखवावी लागली हातावर, पण शेवटी आलाच ना पाठ?"

दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणाच्या मध्येच त्यानं ते खाली ठेवल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"तू तिला मारलंस?" त्यानं विचारलं.

"मारलं कुठे! हळूच. अभ्यासाला मारतातच की." पण वहिनी दादाकडे बघत नव्हती.

आत्याला वाटलं, ओरडावं. वाटलं, असलं घर सोडून निघून जावं. डोळा दिसत नव्हता आणि या बाईनं त्याला शिकवणी लावली. दिसत नाही असं लेकरू सांगत होतं, आणि हिला उत्तर चुकल्याचं ऐकू येत होतं. वाईट बाई असती तर तिला शिव्या घालता आल्या असत्या. पण हीच बाई ताप आला की रात्रभर पोरीच्या उशाशी बसायची. ही माया आणि ही पट्टी एकाच हातातली होती, आणि त्याच हाताचं आत्या रोज जेवत होती. ती वर गेली आणि कापूस नि चिकटपट्टी घेऊन खाली आली.

"तुला पटत नाही ना? मग बघ. पाच मिनिटं. नाटक असलं तर मी परत या विषयावर तोंड उघडणार नाही."

"बघू दे," वहिनी म्हणाली. तिनं एप्रन सोडला, दाराच्या खुंटीला अडकवला आणि हाताची घडी घालून कपाटापाशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती की राग, हे आत्यालाही ओळखता येईना.

आत्यानं सुतळीच्या उजव्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवली आणि चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली. "गुदगुल्या होतात," सुतळी म्हणाली. मग पट्टी पक्की बसली, आणि तिचे हलणारे पाय थांबले. तिनं एका हातानं स्टुलाची कड धरली.

"बरं, आता कुणी बोलणार नाही," आत्या म्हणाली. "तू फक्त सांगायचंस. बाबा कुठे आहे?"

"टेबलाशी." सुतळीनं लगेच सांगितलं. "मघाशी तिथंच होता."

दादानं मान खाली घातली.

"आणि आई?"

सुतळीनं मान फिरवली. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिचा उघडा डोळा सावकाश फिरला. तो कपाटावरून गेला. कपाटापाशी वहिनी उभी होती, स्टुलापासून दोन पावलांवर, श्वास रोखून. डोळा तिच्यावर थांबला नाही. तो पुढे गेला आणि दारापाशी जाऊन थबकला. सुतळीचा चेहरा उजळला.

"ती काय, दारापाशी!"

वहिनीची हाताची घडी सुटली.

गप्पपणा लांबला तसं सुतळीच्या तोंडावरचं हसू गेलं. उत्तर चुकलं की असं सगळं गप्प होतं, हे तिला माहीत होतं. तिनं स्टुलाची कड सोडली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन घट्ट धरले. मग एकदम घाईघाईनं, मार चुकवण्यासाठी बोलावं तशी ती बोलली.

"आई, चिडू नको ना. तू कुठे उभी राहणार ते मला आधी सांगत जा. मी पाठ करीन."

हे ती दाराच्या खुंटीवर टांगलेल्या निळ्या एप्रनला सांगत होती.